हॅम रेडिओचा परवाना : परीक्षा, तयारी आणि जबाबदारी

भूकंप किंवा चक्रीवादळानंतर वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात आणि मदतीची सर्वाधिक गरज असलेल्या गावांचाच संपर्क तुटतो. अशा वेळी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा संच आणि उंचावर ताणलेली तार एवढ्या साधनांवर दूरवर संदेश पोहोचविणारे हौशी रेडिओचालक, अर्थात ‘हॅम’, उपयोगी पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ च्या गुजरात भूकंपानंतर त्यांनी हे काम केले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रक्षेपणासाठी अंदमानात होते. बेटे आणि मुख्य भूमी यांच्यातील संदेशवहनासाठी त्यांचेच संच कामी आले.

परवाना कशासाठी?

लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परततात, त्यामुळे कमी शक्तीच्या संचाचा आवाजही दुसऱ्या खंडात पोहोचू शकतो. मात्र चुकीच्या कंप्रतेवरील प्रक्षेपण विमाने, जहाजे किंवा पोलिसांच्या संदेशवहनात अडथळा आणू शकते. म्हणूनच चालकाच्या ज्ञानाची परीक्षा घेतली जाते. भारतात हे काम केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे आहे.

दोन श्रेणी

हौशी सेवेचे नियम १९७८ मध्ये तयार झाले आणि पुढे त्यांत दुरुस्त्या झाल्या. या नियमांनुसार किमान वय १२ वर्षे असून परवान्याच्या दोन श्रेणी आहेत. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीत मोर्स लिपीची परीक्षा नसते. प्रक्षेपणाची कमाल शक्ती ५० वॅट असते. ‘जनरल’ श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठविता आणि घेता यावे लागते. शक्तीची मर्यादा ४०० वॅटपर्यंत जाते. पहिल्या श्रेणीच्या ओळखचिन्हाची सुरुवात ‘व्हीयू३’ने, तर दुसरीच्या ‘व्हीयू२’ने होते.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात वीज, इलेक्ट्रॉनिक्स, अँटेना आणि लहरींचा प्रवास. दुसऱ्यात नियम आणि संभाषणाची पद्धत. शालेय विज्ञानाचा पाया पक्का असल्यास पहिला भाग अवघड नाही. नियमांतील परीक्षा केंद्रांच्या यादीत मुंबई, नागपूर आणि गोवा यांचा समावेश आहे. भिलईजवळच्या रिसालीतील मराठी उमेदवारासाठी हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरील नागपूर सोयीचे ठरू शकते. उत्तीर्ण झाल्यावर पार्श्वभूमीची तपासणी होते, मगच परवाना मिळतो. या प्रक्रियेस वेळ लागतो; तोवर प्रक्षेपण करता येत नाही. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला असल्याने अर्ज करण्यापूर्वी विभागाच्या संकेतस्थळावर चालू नियम आणि शुल्क पाहून घेणे आवश्यक आहे.

सुरुवात ऐकण्यापासून

महागडा संच घेण्याची घाई नसावी. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येतो. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील संभाषणे काही दिवस ऐकल्यास हाक कशी द्यावी, आवाजाच्या स्पष्टतेचा अहवाल कसा द्यावा आणि केव्हा थांबावे, हे आपोआप समजते. अंतराळातील आवाजही या छंदात ऐकू येतो : जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून भारतीय विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओद्वारेच संवाद साधला.

काय करू नये?

या लहरींवर व्यापार, राजकीय प्रचार किंवा संगीताचे प्रसारण करता येत नाही. सांकेतिक भाषेत गुप्त संदेश पाठविण्यासही मनाई आहे. प्रत्येक चालकाने आपले ओळखचिन्ह सांगावे आणि संभाषणांची नोंद ठेवावी, अशी अपेक्षा असते.

ही शिस्त रोजच्या गप्पांत जाचक वाटू शकते. परंतु आपत्तीत एकाच कंप्रतेवर अनेकांना बोलायचे असते, तेव्हा थोडक्यात बोलण्याची आणि दुसऱ्याला वाट देण्याची हीच सवय संदेश वेळेवर पोहोचविते. ती सवय आणि परवाना, दोन्ही संकट येण्यापूर्वीच मिळवावे लागतात.