कृपा आणि सवलत



ख्रिस्ती धर्मातील कृपाविचार हा विषय शाळेच्या स्मृतिव्याख्यानात कितपत शोभेल, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या विचाराच्या गाभ्याशी असलेला प्रश्न प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला वरचेवर पडत असतो. अपराध्याला क्षमा केली, तर तो सुधारतो की सोकावतो? म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही आपली म्हण याच भीतीतून जन्मली आहे. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. म्हणून आरंभ शब्दांपासूनच करतो.

मराठी बायबलात मूळ ग्रीक ‘खारिस’ या शब्दासाठी ‘कृपा’ हा शब्द रूढ झाला. ग्रीक शब्दात प्रसन्नतेने दिलेल्या देणगीचा भाव आहे. आपल्या ‘कृपा’ शब्दामागील संस्कृत धातूत कळवळ्याचा भाव आहे. दया दुःखिताकडे पाहते, क्षमा अपराधाकडे पाहते आणि कृपा घेणाऱ्याची पात्रता न पाहताच देते. ‘सवलत’ हा शब्द मात्र अगदी निराळ्या घरचा आहे. सवलत नियमाला मुरड घालते, एवढे चालायचेच, असे म्हणते. कृपेने पापाला मोकळीक मिळते काय, या प्रश्नाचा सारा गुंता कृपेला सवलत समजण्यातून निर्माण झाला आहे.

हा आक्षेप आजचा नाही. इसवी सन ५७ च्या सुमारास संत पौलाने रोम येथील ख्रिस्ती मंडळीस पत्र लिहिले, त्यातच तो आला आहे. माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो, आणि पापाच्या मानाने ही कृपा नेहमी अधिकच भरते, असे पौलाचे प्रतिपादन. मग पाप जितके अधिक तितकी कृपाही अधिक, असा हिशेब कोणी मांडील, हे त्याने ओळखले होते. सहाव्या अध्यायाच्या आरंभी तो स्वतःच ही शंका उपस्थित करतो आणि ठामपणे फेटाळतो. त्याचे उत्तर असे, की बाप्तिस्मा हे पापी जीवनाचे मरण आहे, आणि ज्या जीवनाला माणूस मेला, ते तो पुन्हा कसे जगेल? म्हणजे कृपा ही पापाच्या शिक्षेतून सुटण्याची युक्ती नसून पापाच्या अमलातून सुटण्याचा मार्ग आहे. शिक्षा टळावी, पण पाप मात्र चालू राहावे, असे म्हणणाऱ्याने कृपा मागितलेलीच नसते.

पौलाने उत्तर दिले, तरी शंका संपली नाही. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने केवळ श्रद्धेने व कृपेने उद्धार होतो, हा सिद्धान्त मांडला. तेव्हा त्याचाच सहकारी योहान आग्रिकोला ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्र सांगण्याचे कारणच नाही, असे म्हणू लागला. १५३७ पासून ल्यूथरला त्याच्याशी वाद घालावा लागला. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी ल्यूथरची रोमकरपत्रावरील प्रस्तावना ऐकताना कृपेचा साक्षात्कार झाला. तरीही कृपेच्या नावाखाली आचारशैथिल्य शिकवणाऱ्यांशी ते आयुष्यभर झगडले. आपल्या वडोदऱ्यात फतेगंज भागात ज्या मेथॉडिस्ट पंथाचे चर्च आहे, तो पंथ याच वेस्लींचा. विसाव्या शतकात नाझी राजवटीला विरोध करणारे डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ हा शब्दप्रयोग केला. ज्या क्षमेत पश्चात्ताप नाही आणि अनुसरण नाही, ती कृपा स्वस्त, असा त्यांचा आशय होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये ते फासावर गेले.

हा प्रश्न केवळ परकीयांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या मराठी घरांतून कीर्तनाद्वारे पोहोचलेले अजामिळाचे आख्यान आठवावे. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण अनाचारात बुडाला. मरणसमयी त्याने ‘नारायण’ नावाच्या आपल्या मुलाला हाक मारली आणि विष्णुदूतांनी त्याला यमदूतांच्या हातून सोडवले. ऐकणाऱ्याला येथपर्यंतची कथा पुरेशी वाटते, आणि एका हाकेत जन्माचे पाप फिटले, असा सोयीचा अर्थ तो काढतो. भागवताच्या सहाव्या स्कंधात कथा तेथे संपत नाही. अजामिळ जिवंत राहतो, आपल्या आयुष्याचे स्वरूप पाहून शरमतो, घरदार सोडून गंगाद्वारी जातो, तेथे भक्तीत मन स्थिर करतो आणि मगच वैकुंठाला जातो. याच आख्यानाच्या आधी परीक्षिताने एक मार्मिक शंका विचारली आहे. जो प्रायश्चित्त घेऊन पुन्हा तेच पाप करतो, त्याचे प्रायश्चित्त गजस्नानासारखे व्यर्थ नव्हे काय? हत्ती नाहून बाहेर येतो आणि लगेच अंगावर धूळ उडवून घेतो. नामाच्या बळावर पाप करणे हा नामाचाच अपराध होय, असे पद्मपुराणही बजावते. पौलाची शंका आणि परीक्षिताची शंका या सख्ख्या बहिणी शोभतात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, त्याचा एक अर्थ यातून उलगडतो.

परंतु हा विचार ग्रंथांतून उतरून व्यवहारात कसा उभा राहतो, हे पाहायचे तर आपल्याच परिसरातील इतिहासाकडे वळावे लागेल. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. तिच्यावर त्या काळी वर्तमानपत्रांतून जी आग पाखडली गेली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. एकाच पापासाठी स्त्रीला दगड आणि पुरुषाला मोकळीक, हा त्यांचा संतप्त सवाल होता. त्यापूर्वी १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. समाजाने तेव्हा दोन मार्ग अवलंबिले होते. पुरुषाच्या पापावर पांघरूण घालायचे आणि स्त्रीला बहिष्कृत करायचे. वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या मार्गांत एक साम्य आहे. दोहोंतही पाप्याला सुधारण्याची जबाबदारी कोणावरच पडत नाही.

पंडिता रमाबाईंनी तिसरा मार्ग पाहिला तो इंग्लंडमध्ये. १८८३ मध्ये त्या वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहावयास गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी तथाकथित पतित स्त्रियांसाठी काम करीत. ज्यांना समाजाने टाकले होते, अशा स्त्रिया तेथे बदललेल्या आणि इतरांची सेवा करीत असलेल्या त्यांना दिसल्या. हे कशामुळे घडते, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा वाचून दाखविण्यात आली. आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या अनुभवाला फार महत्त्व दिले आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि तरीही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, असे त्या पुढे म्हणतात. कृपेचा स्वतःपुरता अनुभव त्यांना आला तो कित्येक वर्षांनी, आपले कर्तृत्व पुरे पडत नाही हे उमगल्यावर.

केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी स्वतंत्र गृह उघडले आणि त्याला नाव दिले ‘कृपासदन’. हे नाव ऐकताना मराठी माणसाने क्षणभर थांबावे. जिला घरात जागा नाही, गावात जागा नाही, तिच्यासाठी बांधलेल्या भिंतींना धर्मशास्त्रातील सर्वांत मोठा शब्द दिला गेला. अशा घरामुळे पापाला उत्तेजन मिळेल, असा आक्षेप घेणे त्या काळी सोपे होते. पण केडगावचा दिनक्रम पाहिला, तर त्यात सवलत कोठेच सापडत नाही. पहाटेची प्रार्थना, शिक्षण, विणकाम, शेती, छपाई, स्वयंपाक, सारे शिस्तीत चाले. जून १९०५ मध्ये तेथे जी धार्मिक जागृती झाली, तिचे ठळक लक्षण मुलींनी रडत रडत आपले दोष उघडपणे कबूल करणे, हे होते. जेथे टाकले जाण्याचे भय उरत नाही, तेथेच माणूस आपला दोष मोकळेपणाने सांगू शकतो.

छप्पन्नियाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, गुजरातेतील शेकडो अनाथ मुली रमाबाईंनी केडगावी नेल्या. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाखांहून अधिक होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली, यावरून त्या संकटाची कल्पना यावी. त्या मुलींची पात्रता कोणी तपासली नव्हती. त्यांना प्रथम अन्न व आसरा मिळाला आणि कामाची व शिक्षणाची शिस्त त्यानंतर आली. कृपेचा क्रम हाच आहे. आधी सुधार, मग जवळ घेतो, असे ती म्हणत नाही. जवळ घेते, म्हणूनच सुधारण्याची अपेक्षाही ती बाळगू शकते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कृपेचा दुरुपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. बलवान अपराधी पीडिताला म्हणतो, ‘तुझा धर्म क्षमेचा आहे, तेव्हा गप्प राहा.’ घरात, संस्थेत, मंदिरात, चर्चमध्ये असे घडत आले आहे. परंतु लूकाच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा या ढोंगाचा बुरखा फाडते. येशू या जकातदाराच्या घरी अनाहूत पाहुणा म्हणून गेला, ही कृपा. जक्कयाने लगेच आपले अर्धे धन गरिबांना आणि लुबाडलेले चौपटीने परत देण्याचे जाहीर केले, हे त्या कृपेचे फळ. कृपा झाली म्हणून लुबाडलेल्यांचे देणे बुडाले नाही, उलट ते फिटले. ज्याचे नुकसान झाले, त्याला न्याय नाकारणारी क्षमा ही सवलतच होय, मग तिला नाव कोणतेही द्या.

शाळेपुरते बोलायचे तर, परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या मुलाकडे तीन प्रकारे पाहता येते. वजनदार घरचा असेल, तर प्रकरण मिटवावे. नसेल, तर नाव काढून टाकावे. या दोन रीती सर्वपरिचित आहेत आणि दोन्ही शिक्षकाचे श्रम वाचवतात. तिसरी रीत अशी, की चूक चूकच म्हणून त्याच्यासमोर मांडावी, गुण द्यायचे नाहीत ते देऊ नयेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच बाकावर बसवून पुन्हा शिकवायला लागावे. यात शिक्षकाचा वेळ जातो, कधीकधी विश्वासही वाया जातो. मुलगा पुन्हा चुकणार नाही, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. कृपा देणाऱ्याला ती नेहमीच महाग पडते. जी देताना आपले काहीच खर्च झाले नाही, ती सवलत असावी, असा संशय आपण स्वतःविषयी अवश्य घ्यावा.