नऊ सिनेमे, नऊ तालुके

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानानं म्हणतो. आज जरा फ्रान्सला परभणीच्या मापानं मोजू या.

लुई द फ्युनेस हा फ्रान्सचा लाडका विनोदी नट. आधी बारमध्ये पियानो वाजवून पोट भरायचा. १९४६ पासून लहानसहान कामं करत राहिला आणि खरं नाव झालं ते १९६४ साली, पन्नाशीत, पोलिसाच्या भूमिकेनं. दोनच वर्षांनी जर्मन फौजेला गुंगारा देणाऱ्या दोन फ्रेंच माणसांचा त्याचा सिनेमा आला. एकट्या फ्रान्समध्ये त्याची तिकिटं खपली १ कोटी ७० लाखांहून जास्त! २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्यात माणसं होती १८ लाख ३६ हजार. म्हणजे पाळण्यातल्या लेकरापासून काठी टेकणाऱ्या आजीपर्यंत अख्ख्या जिल्ह्यानं नऊ-नऊ वेळा तिकीट काढलं, तरी हा आकडा जरा पुढेच राहील.

आता आपले दादा कोंडके. सेवा दलाच्या बँडपथकातून आलेले. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग, रोज एक धरला तरी चार वर्षं पुरावेत. मग सिनेमे: ‘सोंगाड्या’ १९७१ चा, ‘पांडू हवालदार’ १९७५ चा. पोलिसाचा वेष दादांनाही फळला. नऊ सिनेमांचा रौप्यमहोत्सव झाला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे २५ आठवडे. नवांचे झाले २२५ आठवडे, १,५७५ दिवस. दिवसाला तीन खेळ धरा, ४,७२५ खेळ होतात. तेही एका भाषेत, एका राज्याच्या बळावर.

मला मात्र हा आकडा अपुरा वाटतो. फ्रान्सनं तिकिटं मोजली, आपण आठवडे मोजले. आठवडे शहरातल्या थिएटरचे असतात. जत्रेतल्या तंबू टॉकीजसाठी बैलगाडी जुंपून आलेली, गोणपाट अंथरून पडद्यासमोर बसलेली माणसं त्यात कुठेच नाहीत. मराठवाड्यातला दादांचा खरा प्रेक्षक तोच होता.

योगायोग असा, की आपल्या जिल्ह्याचे तालुकेही नऊच आहेत. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी. यातल्या कुठल्याही तालुक्यात, तुमच्या घरात तंबूत सिनेमा पाहिलेलं कुणी वडीलधारं असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा. कोणत्या जत्रेत, कोणता सिनेमा, किती पैशांचं तिकीट, एवढं तरी वहीत लिहून ठेवा.