पायांवरील फुगलेल्या नीला : उपचार कोणते, केव्हा आणि कोणासाठी?

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि शस्त्रक्रियांची संख्या यांबरोबरच एखाद्या आजाराची सुबोध माहिती असावी, ही हितचिंतकांची अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी येथे पायांवरील अपस्फीत नीला, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या शब्दांत व्हेरिकोज व्हेन्स, हा विषय घेतला आहे. हा आजार क्वचितच जिवावर बेततो आणि म्हणूनच त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. मात्र ज्यांचे पोट दिवसभर उभे राहण्यावर अवलंबून आहे, त्यांच्या दृष्टीने घोट्याजवळची न भरणारी जखम म्हणजे बुडालेला रोजगारच होय. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमाग कामगार, एस. टी.चे वाहक, वाहतूक पोलीस, खानावळीतील स्वयंपाकी, केशकर्तन करणारे कारागीर, वर्गात तासन् तास उभ्या राहणाऱ्या शिक्षिका अशा अनेकांना हा त्रास होतो. उपचार कोणते आहेत, याइतकेच ते कोणाला लागतात आणि कोणाला लागत नाहीत, हे समजणे महत्त्वाचे आहे.

आजाराचे मूळ

हृदयाकडून आलेले रक्त रोहिण्यांतून पायांपर्यंत पोहोचते आणि नीलांतून परत फिरते. उभ्या माणसाच्या पायांतील रक्ताला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात, खोल नीला दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हटले जाते. वर गेलेले रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून नीलांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. इटलीतील पादुआ येथील फॅब्रिशियस याने १६०३ साली या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे खरे प्रयोजन मात्र त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणावरील ग्रंथात उलगडून दाखविले.

पायांतील नीलांचे दोन संच असतात. खोल नीला स्नायूंच्या आत असून जवळजवळ नव्वद टक्के रक्त त्यांतूनच वर जाते. दुसरा संच त्वचेलगतचा. त्यातील मुख्य नीला घोट्याच्या आतल्या बाजूपासून जांघेपर्यंत जाते. या दोन संचांना जोडनीला सांधतात. त्वचेलगतच्या नीलेची झडप सैल झाली की रक्त खाली घसरते, खालच्या झडपेवर भार येतो आणि तीही निकामी होते. हळूहळू नीला फुगते, लांबते आणि वेडीवाकडी होते. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, लठ्ठपणा, दीर्घकाळ उभे राहणे आणि पूर्वी खोल नीलेत झालेली रक्ताची गुठळी ही यामागील प्रमुख कारणे होत.

आजाराचे टप्पे

सुरुवातीस त्वचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-तांबड्या रेषा दिसतात. पुढे दोरीसारख्या फुगलेल्या नीला, संध्याकाळी घोट्याशी येणारी सूज, जडपणा आणि रात्री पोटरीत येणारे गोळे अशी लक्षणे उद्भवतात. त्यानंतर घोट्याभोवतीची त्वचा काळवंडते, टणक होते, तेथे इसब होते आणि अखेरीस एखाद्या किरकोळ खरचटण्याचे निमित्त होऊन व्रण पडतो. काळवंडलेली त्वचा ही धोक्याची सूचना समजावी. तिच्याकडे ‘उन्हाने झाले असेल’ किंवा ‘जुनी खाज आहे’ असे म्हणून दुर्लक्ष करणे हीच या आजारातील सर्वांत महागडी चूक ठरते.

तपासणी

उपचारापूर्वी कलर डॉपलर सोनोग्राफी आवश्यक असते. तीत सुई टोचावी लागत नाही आणि क्ष-किरणही वापरले जात नाहीत. कोणत्या झडपेतून रक्त उलटे येते आणि खोल नीला मोकळ्या आहेत की नाहीत, या दोन प्रश्नांची उत्तरे तीतून मिळतात. रक्ताच्या उलट प्रवाहाची ही तपासणी शक्यतो रुग्णास उभे करून करावी, कारण झोपलेल्या स्थितीत दोष झाकला जाऊ शकतो. याच वेळी पायाच्या रोहिण्यांची नाडी पाहणे अगत्याचे आहे. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायावर घट्ट पट्टा बांधल्यास लाभाऐवजी अपाय होतो.

उपचारांचे पर्याय

दाबमोजे आणि पट्टे : घोट्याशी जास्त आणि वर कमी होत जाणारा दाब देणारे मोजे सूज व जडपणा कमी करतात. ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज येण्याआधीच चढवावेत आणि रात्री काढावेत. मोजे पायाचे माप घेऊनच निवडावेत. त्यांची लवचिकता जाते, म्हणून साधारणतः सहा महिन्यांनी ते बदलावे लागतात. मोज्यांमुळे निकामी झडप दुरुस्त होत नाही, परंतु गर्भवती स्त्रिया आणि ज्यांच्यावर अन्य प्रक्रिया करता येत नाही असे रुग्ण यांना त्यांचा मोठा आधार असतो. व्रण भरून येण्यासाठी तर योग्य दाबाचे पट्टे हाच उपचाराचा पाया आहे.

औषधे : डायोस्मिनसारख्या गोळ्यांनी काहींची सूज व दुखणे कमी होते. मात्र फुगलेली नीला गोळीने, तेलाने किंवा मालिशीने पूर्ववत होत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

इंजेक्शनद्वारे उपचार : पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध नीलेत टोचल्यावर तिचे आतील अस्तर चिकटते व ती बंद होते. हे औषध हवेत घुसळून त्याचा फेस करून वापरण्याची सोपी रीत इटलीतील तेसारी यांनी २००० साली मांडली आणि मोठ्या नीलांसाठीही हा उपचार रूढ झाला. तो स्वस्त व सुटसुटीत आहे, परंतु नीला पुन्हा उघडण्याचे प्रमाण अधिक असल्याने इंजेक्शन पुन्हा द्यावे लागू शकते. काहींच्या त्वचेवर तपकिरी डाग राहतात.

उष्णतेने नीला बंद करणे : रेडिओलहरी आणि लेसर या दोन्ही पद्धती १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आल्या. सोनोग्राफीच्या साहाय्याने गुडघ्याजवळून नीलेत बारीक तार सरकवली जाते. नीलेभोवती भूल देणारे पातळ द्रावण टोचल्याने वेदना होत नाहीत आणि शेजारच्या ऊतींना चटका बसत नाही. तारेच्या उष्णतेने नीला आतून मिटते. रेडिओलहरींच्या प्रचलित पद्धतीत १२० अंश सेल्सिअस तापमान वापरले जाते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. काळेनिळे पडणे, काही दिवस ओढ लागणे, क्वचित बधिरपणा आणि विरळा खोल नीलेत गुठळी होणे हे संभाव्य त्रास होत.

वैद्यकीय गोंद : सायनोअॅक्रिलेट नावाच्या गोंदाने नीला चिकटविता येते. तीत उष्णता नसल्याने नीलेभोवती भूल टोचावी लागत नाही, परंतु साहित्य महाग आहे आणि काही रुग्णांत अॅलर्जीसदृश दाह होतो.

शस्त्रक्रिया : जांघेत नीला बांधून ती काढून टाकण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे. योग्य हातांनी केलेली शस्त्रक्रिया आजही गुणकारी आहे. नीला फार वेडीवाकडी असून तीत तार जात नसल्यास किंवा नव्या पद्धतींची सोय नसल्यास ती अवश्य करावी. उरलेल्या फुगवट्यांसाठी लहान छेद पुरतात.

निवड कशी करावी?

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली पुढील क्रम सुचविला : प्रथम उष्णतेची पद्धत, ती शक्य नसल्यास फेसाचे इंजेक्शन, तेही शक्य नसल्यास शस्त्रक्रिया. त्याच देशात ७९८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आजाराशी निगडित जीवनमानाच्या दृष्टीने लेसर आणि शस्त्रक्रिया हे दोन्ही उपचार फेसापेक्षा सरस ठरले. तात्पर्य, शस्त्रक्रिया झाली म्हणजे जुनाट उपचार पदरी पडला, असे रुग्णाने मानू नये आणि लेसर म्हणजे चमत्कार असेही समजू नये.

व्रण असलेल्या रुग्णांसाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेली आणखी एक चाचणी अत्यंत मोलाची आहे. तीत ४५० रुग्णांना दाबपट्टे देण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांच्या दोषी नीला लगेच बंद केल्या, तर उर्वरितांवर ही प्रक्रिया लांबणीवर टाकली. पहिल्या गटात व्रण भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले आणि दुसऱ्या गटात ८२. हा २६ दिवसांचा फरक रोजंदारीवरील कुटुंबासाठी जवळजवळ एका महिन्याची मिळकत आहे. ‘आधी जखम भरू द्या, मग पाहू’ हा जुना सल्ला म्हणूनच मागे पडला आहे.

नातेवाइकांच्या काही शंका

नीला बंद केल्यास रक्त कोठून जाईल? बहुतेक रक्त खोल नीलांतूनच जात असते आणि त्या मोकळ्या असल्याची खात्री आधीच केलेली असते. दोषी नीला रक्त वर नेत नव्हती, उलट खाली आणत होती. आजार पुन्हा होतो काय? होय, काही वर्षांनी अन्य नीला फुगू शकतात. कारण प्रकृती तीच असते. म्हणून चालण्याचा व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि बसताना पाय उंच ठेवणे सोडू नये. गर्भारपणात उपचार करावेत काय? बहुधा प्रसूतीपर्यंत दाबमोज्यांवर भागवावे. कित्येकींचा त्रास प्रसूतीनंतर काही महिन्यांत ओसरतो. केवळ बारीक रेषा आहेत आणि दुखत काहीच नाही, तर? उपचार न केला तरी चालते. प्रत्येक निळी रेषा हा आजार नव्हे.

फुगलेल्या नीलेतून अचानक रक्तस्राव झाल्यास घाबरून उभे राहू नये अथवा जखमेच्या वर दोरी आवळू नये. रुग्णास आडवे करावे, पाय उंच धरावा, स्वच्छ फडक्याने जागा दाबून ठेवावी आणि रुग्णालयात आणावे. एकाच पायाला एकाएकी मोठी सूज आली किंवा धाप लागली, तर विलंब न लावता तातडीच्या विभागात यावे.

धर्मादाय रुग्णालयाची जबाबदारी

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. नातेवाइकांनी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा विभागाशी प्रथमच संपर्क साधावा. देयक तयार झाल्यावर धावपळ करू नये.

देणगीदारांना एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. यंत्रासाठी देणगी सहज मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. परंतु या आजारात रुग्ण अर्ध्यावर उपचार सोडतो, तो बहुधा यंत्राअभावी नव्हे. दर आठवड्याचे पट्टे, मलमपट्टीसाठीचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि सहा महिन्यांनी लागणारी मोज्यांची नवी जोडी यांपुढे तो हात टेकतो. या किरकोळ दिसणाऱ्या खर्चासाठी दिलेल्या देणगीवर पाटी लागत नाही. तिच्यामुळे एखादा कामगार आपल्या मागावर पुन्हा उभा राहतो, हीच तिची पोच समजावी.