ताटातला दाह आणि भरतीचे ८०० मीटर

आजचा विषय आहे आहारातून होणारा दाह आणि धावणाऱ्या मुली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी पोरी पहाटे पोलीस भरतीचा सराव करतात. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात २० गुण ८०० मीटरचे. काही सेकंदांवर नोकरी ठरते.

आधी दाह समजून घेऊ. सरावात स्नायूंना बारीक इजा होते, शरीर ती दुरुस्त करतं. हा दाह कामाचाच, त्यातूनच ताकद वाढते. त्रास देतो तो सतत आतून धुमसणारा दाह. अपुरी झोप, तळलेलं, वनस्पती तूप, जास्त गोड, यांनी त्याला खतपाणी मिळतं.

आहार किती दाहकारक, हे मोजायला अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना विद्यापीठात एक निर्देशांक तयार झाला. त्याच्या २०१४च्या आवृत्तीत ४५ घटक आहेत. हळद, तंतुमय पदार्थ, ओमेगा-३ यांनी गुण खाली येतात, ट्रान्स फॅटनं वर जातात.

आता याचा धावण्याशी संबंध काय? मधला दुवा आहे लोह. दाह वाढला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते फायरवॉलसारखं काम करतं, आतड्यातून रक्तात जाणारं लोह अडवतं. लोह कमी, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन कमी. मग शेवटच्या २०० मीटरला पाय उचलत नाही. त्यात पाळीतही लोह जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला.

गंमत म्हणजे जोरात धावल्यावरही हेप्सिडिन वाढतं, साधारण ३ ते ६ तासांनी सर्वात जास्त असतं. म्हणून सराव संपल्यावर अर्ध्या तासात खाल्लेलं बरं. मोड आलेल्या हरभऱ्याची उसळ, वर लिंबू, सोबत भाकरी आणि जवसाची चटणी. जवसात ओमेगा-३ आहे, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह नीट शोषलं जातं. चहा मात्र तासाभरानं घ्या. चहानं दाह वाढत नाही, पण त्यातले टॅनिन लोह अडवतात.

एक लक्षात ठेवा, पोटभर जेवणच नसेल तर नुसत्या हळदीनं काही होत नाही. थकवा जात नसेल, पाळी चुकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनबद्दलही विचारा. दाह असताना फेरिटिन मुळापेक्षा जास्त दिसतं, त्यामुळे नुसता आकडा बघून निश्चिंत होऊ नका. मनानं लोहाच्या गोळ्याही सुरू करू नका.

भेटूया पुढच्या भागात!