पेट्रोलची सद्दी संपणार काय?

एकत्र कुटुंबांत गाडी विकत घेणें ही कधींच एका माणसाची गोष्ट नसते. कर्ता पुरुष किंमत पाहतो, मुलगे वेग पाहतात, सुना-लेकी ती आपणांस निर्धास्तपणें चालवितां येईल कीं नाहीं हें पाहतात, आणि वृद्ध मंडळी गुडघे फार न वाकवितां आंत बसतां येतें ना, एवढेंच विचारतात. या घरगुती सभेपुढें अलीकडे एक नवाच ठराव आला आहे: गाडी पेट्रोलची घ्यावयाची कीं विजेची? पुण्याच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना तर हा ठराव दुहेरी पेंचाचा आहे. ज्या घरांतील धाकटी सून विजेची स्कूटर मागते, त्याच घरांतील थोरला मुलगा भोसरीच्या वसाहतींत इंजिनाचे सुटे भाग कातून संसार चालवीत असतो. म्हणून या प्रश्नाकडे केवळ हौसेच्या नव्हे, तर पोटाच्याहि दृष्टीनें पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

मोरया गोसावींच्या वास्तव्यानें पुनीत झालेलें चिंचवड आणि त्याच्या शेजारचीं पिंपरी, आकुर्डी, भोसरी हीं गांवें साठ वर्षांपूर्वीं शेतीवाडीचीं होतीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. त्याच दशकांत टाटांचा मालमोटारींचा कारखाना पिंपरीस आणि बजाजांचा आकुर्डीस उभा राहिला. १९८२ सालीं तेथें महानगरपालिका झाली. पुढें जागा अपुरी पडूं लागली तेव्हां कारखाने चाकणकडे वळले. ज्या संग्रामदुर्गानें १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेस सुमारें दोन महिने खोळंबून ठेविलें, त्याच्या आसपासच्या माळांवर आज महिंद्र, बजाज, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या गाड्या तयार होतात. (आतां खोळंबा फौजांचा होत नाहीं, नाशिक रस्त्यावरील वाहनांचा होतो, तो दोन महिन्यांहूनहि जुना आहे.)

यांपैकीं आकुर्डीची हकीगत विशेष बोधप्रद आहे. राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव घेऊन १९७२ सालीं बाजारांत आलेली 'चेतक' स्कूटर मध्यमवर्गीय घरांत किती मानाची होती, तें सांगावयास नको. नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. त्या आकुर्डीच्या कारखान्यांतील वाहनांचें उत्पादन २००७ सालीं थांबलें. पुढें जानेवारी २०२० मध्यें त्याच नांवाची विजेची स्कूटर बाजारांत आली आणि जून २०२२ मध्यें आकुर्डीच्याच जागेवर तिच्यासाठीं नवा कारखाना सुरू झाला. जेथें इंजिनें घडत होतीं, तेथें आतां इंजिनावांचून गाडी घडते. चाकणास महिंद्र यांनीं नोव्हेंबर २०२४ मध्यें विजेवर चालणाऱ्या दोन मोठ्या मोटारी पुढें आणल्या, आणि मर्सिडीज-बेंझची विजेची मोटार २०२२ पासूनच तेथें जुळविली जाऊं लागली होती. तेव्हां 'विजेची गाडी चालेल काय?' हा प्रश्न शिळा झाला. ती चालते. ती कोठवर चालेल, आणि कोणत्या कामीं चालणार नाहीं, हा खरा प्रश्न होय.

विजेची गाडी ही काहीं नव्या युगाची जादू नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील शहरांतून विजेच्या मोटारी पुष्कळ दिसत. आवाज नाहीं, धूर नाहीं, आणि हँडल मारण्याची दगदग नाहीं, म्हणून स्त्रियांना त्या विशेष पसंत असत. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेनें इंजिन सुरू करण्याची युक्ति आली, हँडल गेलें, आणि पेट्रोलच्या मोटारीनें बाजार जिंकला. विजेच्या मोटारीचा पराभव अशा रीतीनें विजेच्याच एका लहानशा यंत्रानें केला! रुळांवर मात्र वीज हरली नाहीं. मुंबईची विजेची ट्राम १९०७ पासून १९६४ पर्यंत धांवली; आपली 'दख्खनची राणी' १९३० पासून विजेवरच घाट चढत आली आहे. याचें कारण उघड आहे. ट्रामला व आगगाडीला वीज वरच्या तारेंतून मिळते. रस्त्यावरच्या गाडीला मात्र आपली शिदोरी बरोबर बांधून न्यावी लागते. सारा वाद या शिदोरीचा आहे.

एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९ युनिट ऊर्जा असते आणि त्याचें वजन पाऊण किलो. तितकीच वीज सांठवावयास आजच्या बॅटरीचें वजन साठ किलोंच्या घरांत जातें. एवढ्यावरून पाहतां वीज हरलीच म्हणावयाची. परंतु पेट्रोलचें इंजिन मोठें उधळें आहे. त्याच्या पोटांत गेलेल्या उष्णतेपैकीं तीन-चतुर्थांशाच्या आसपास धुराड्यांतून व रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. उलट विजेची मोटर शंभरांतील ऐंशींहून अधिक हिस्सा चाकास पोंचविते. शिवाय उतारावर व ब्रेक लावतांना तीच मोटर उलट वीज उत्पन्न करून कांहीं भाग परत बॅटरींत जमा करते. पेट्रोलच्या गाडीनें उतारावरून पेट्रोल परत मिळविल्याचें कोणी ऐकिलें आहे काय?

घरखर्चाचा हिशेब करावयाचा तर असा. स्कूटरच्या बॅटरींत सुमारें ३ युनिट वीज मावते आणि ती शंभर किलोमीटरांच्या आसपास जाते. भरतांना वायां जाणारी वीज धरून साडेतीन युनिट, दर युनिटास १० रुपये, म्हणजे ३५ रुपये. पेट्रोलच्या स्कूटरीस तेवढ्याच अंतराला २ लिटर, म्हणजे २०० रुपयांहून अधिक. जो रोज निगडीहून चाकणला जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवितो, त्याची अधिक दिलेली किंमत तीन-चार वर्षांत निघून येते. परंतु ज्या घरांतील स्कूटर केवळ मंडईपर्यंत व देवळापर्यंत जाते, त्यांनीं बचतीच्या नांवाखालीं ती घेऊं नये. हवी तर हौस म्हणून घ्यावी. मार्च २०२२ मध्यें लोहगांवास एका विजेच्या स्कूटरीनें भर रस्त्यांत पेट घेतला, तेव्हां पुष्कळांनीं धसका घेतला होता. त्यानंतर सरकारनें बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. शिवाय लोह-फॉस्फेटच्या जातीची बॅटरी तापून पेटण्यास इतर जातींपेक्षां बरीच नाखूष असते. विकत घेतांना ती कोणत्या जातीची आहे, हें विक्रेत्यास विचारण्यांत संकोच नको.

मोठ्या मोटारीची गोष्ट वेगळी. चाकणच्या नव्या मोटारींत ५९ किंवा ७९ युनिटांची बॅटरी असते आणि शंभर किलोमीटरांस पंधरा-सोळा युनिट लागतात. पुण्याहून कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाला ती एका दमांत पोंचते. अंबाजोगाईची योगेश्वरी ज्यांची कुलस्वामिनी आहे, त्यांना तीनशेंहून अधिक किलोमीटर जावयाचें असतें. जातांना अडचण नाहीं, परंतु परततांना बॅटरी भरण्यास थांबावें लागेल. गाडींत सहा माणसें, दोन लहान मुलें आणि फराळाचा डबा असतां वाटेंतील पाऊण तास कोठें व कसा काढावयाचा, हा प्रश्न अभियंत्यांना क्षुल्लक वाटेल. गृहिणींना वाटणार नाहीं. राजमार्गांवर भरण्याचीं ठिकाणें वाढलीं आहेत, पण बंद पडलेलें यंत्र आणि पुढें लागलेली रांग यांचा अनुभव अद्याप दुर्मिळ झालेला नाहीं. २०२४-२५ सालीं देशांत विकल्या गेलेल्या नव्या दुचाकींत विजेच्या गाड्या शेंकडा सुमारें सहा, तर मोटारींत शेंकडा तीनांच्याहि आंत होत्या. तीनचाकींत मात्र निम्म्याहून अधिक. रिक्षावाल्यांना हिशेब लवकर कळतो.

आतां धुराविषयीं. विजेच्या गाडीस धूर नाहीं म्हणतात, तें अर्धें सत्य आहे. आपल्या देशांतील सुमारें तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून होते. महाराष्ट्रांत कोयनेचें पाणी आहे खरें, परंतु चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथील भट्ट्यांवरच आपला मुख्य भार आहे. 'दख्खनची राणी' सुरू झाली तेव्हांहि रेल्वेची वीज ठाकुर्लीच्या कोळशाच्या केंद्रांतूनच येत होती. आज एक युनिट विजेमागें सुमारें पाऊण किलो कार्बन डायॉक्साइड वायु हवेंत जातो. वरच्या हिशेबांतील विजेच्या स्कूटरीचा वांटा त्यानुसार, तारांतील गळती धरून, शंभर किलोमीटरांस ३ किलो. पेट्रोलच्या स्कूटरीचा साडेचार किलोंहून थोडा अधिक. म्हणजे लाभ आहे, पण जाहिरातींत सांगतात तेवढा नाहीं. सूर्याची व वाऱ्याची वीज जसजशी वाढेल तसतसा तो वाढेल. तोंवर पिंपरीच्या चौकांतील धूर कमी होऊन चंद्रपूरच्या माथ्यावरचा वाढतो, हें पुणेकरांनीं अभिमानाच्या भरांत विसरूं नये. नॉर्वेंत २०२४ सालीं दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. पण तेथें वीज बहुतेक सारी पाण्याची आहे, आणि वस्ती आपल्या एका मोठ्या जिल्ह्याएवढी.

खरी कसोटी मालमोटारींची आहे. पुण्याहून बंगळूरच्या वाटेला लागलेला चाळीस टनांचा ट्रक दिवसाला आठशें किलोमीटर जाऊं पाहतो. त्यास डिझेल लागेल अदमासें अडीचशें लिटर. वजन दोनशें किलोंहून किंचित् अधिक. तेंच काम विजेवर करावयाचें तर हजार-अकराशें युनिट, आणि तितक्या बॅटरीचें वजन सात टनांच्या आसपास. ट्रकनें मग भाड्याचा माल न्यावा कीं आपलीच बॅटरी वाहावी? लांब पल्ल्याच्या या कामांत डिझेलला आज तरी तोड नाहीं, असें आमचें मत आहे. टाटांनीं मार्च २०२५ मध्यें हायड्रोजनवरील ट्रकांचे प्रयोग सुरू केले, त्याचें मर्म हेंच.

परंतु चाकणच्या फाटकांतून बाहेर पडणारा सारा माल बंगळूरला जात नाहीं. त्यांतील पुष्कळसा न्हावा-शेवा बंदराकडे जातो. अंतर दीडशें किलोमीटरांच्या आंत. तीच वाट, तेच दोन शेवट, आणि दोन्ही टोकांस माल चढ-उतार करतांना तासन्‌तास थांबणें. विजेच्या ट्रकास याहून अनुकूल काम शोधून सांपडणार नाहीं. घाटाची भीति बाळगणाऱ्यांसाठीं हा हिशेब: चाळीस टनांचा ट्रक खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सुमारें साडेपांचशें मीटर चढतो, त्यास शुद्ध चढणीपुरती ६० युनिट आणि नुकसान धरून ७० युनिट वीज लागते. बंदराकडे भरलेला उतरतांना त्यांतील बराच भाग परत मिळतो, आणि ब्रेक तापून निकामी होण्याचें भयहि कमी होतें. ज्यांनीं बोरघाटांतील अपघातांच्या बातम्या वाचल्या आहेत, त्यांस या दुसऱ्या लाभाचें मोल कळेल. चाकणच्याच ब्लू एनर्जी मोटर्सनें २०२५ सालीं बॅटरी काढून दुसरी बसवितां येणारा अवजड ट्रक पुढें आणला, तो याच मुंबई-पुणें वाटेसाठीं. घोडे बदलीत जाणाऱ्या जुन्या डाकेचीच ही रीत झाली.

बसगाड्यांनीं तर निकाल लावूनच टाकला आहे. पुणें-पिंपरीच्या परिवहन संस्थेनें २०१९ पासून निगडी व भेकराईनगर येथून विजेच्या बसगाड्या सोडण्यास आरंभ केला. ठरलेला मार्ग, ठराविक फेऱ्या, रात्रीं आगारांत मुक्काम. बॅटरीस आणखी काय हवें? राज्याची पहिली एस्‌.टी. १ जून १९४८ रोजीं नगर-पुणें मार्गावर धांवली होती. त्याच तारखेस २०२२ सालीं त्याच मार्गावर विजेची पहिली 'शिवाई' सोडण्यांत आली.

उरतो भोसरीचा प्रश्न, आणि तोच आम्हांस सर्वांत जड वाटतो. इंजिन म्हणजे पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, क्लच, गिअर, सायलेन्सर, इंधनाचा पंप. या एकेका वस्तूवर भोसरी-चिंचवडच्या लहान शेडांतून दोन-दोन पिढ्या जगल्या आहेत. वडिलांनीं मोठ्या कारखान्यांतील नोकरी सोडून एक लेथ घेतला, मुलानें कर्ज काढून संगणकावर चालणारें यंत्र आणलें, असा हा संसार आहे. विजेच्या मोटरींत फिरणारे भाग हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. चाकें, ब्रेक, आंस, सांगाडा, आसनें, दिवे हें करणाऱ्यांनीं घाबरूं नये. त्यांची मागणी राहणार. परंतु ज्याचा सारा धंदा दुचाकीच्या इंजिनाच्या एकाच भागावर उभा आहे, त्यानें नवें कर्ज काढण्यापूर्वीं दहादां विचार करावा. ट्रकच्या व ट्रॅक्टरच्या इंजिनाचे भाग करणाऱ्यास अजून बराच अवसर आहे. 'सरकार कांहीं तरी करील' असें म्हणून स्वस्थ बसणारे आम्हांस ठाऊक आहेत. त्यांची आम्हांस चिंता वाटते.

आणि नव्या धंद्यांतहि परावलंबन आहेच. खनिज तेलापैकीं पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतों, म्हणून वीज, असें सांगतात. पण बॅटरीचे घट व मोटरींतील दुर्मिळ धातूंचीं चुंबकें यांसाठीं आपण चीनच्या तोंडाकडे पाहतों. एप्रिल २०२५ मध्यें चीननें त्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि त्याच पावसाळ्यांत आकुर्डीच्या चेतकचें उत्पादन घटलें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां आपल्या मोटारींच्या पाठीस कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बांधाव्या लागल्या होत्या. तेल जहाजानें येत होतें. चुंबकहि जहाजानेंच येतें.

तूर्त ज्या घरांत दोन वाहनें आहेत, त्यांनीं एक विजेचें घ्यावें आणि लांबच्या प्रवासासाठीं एक पेट्रोलचें ठेवावें, असा आमचा सल्ला आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वीं इमारतीच्या सोसायटीची लेखी संमति, स्वतंत्र मीटर आणि पुरेशा जाडीची तार, या तीन गोष्टींची सोय करून घ्यावी. चौथ्या मजल्यावरील स्वयंपाकघरांतून खालच्या अंगणापर्यंत लोंबकळत सोडलेली वायर पावसाळ्यांत जीवघेणी ठरते, आणि आमच्या पाहण्यांत अशा वायरी थोड्या नाहींत.