नर वासरांचे काय होते?

दूध काढल्याने म्हैस मरत नाही, अंडे उचलल्याने कोंबडी मरत नाही. मग प्राण्यांविषयीच्या करुणेपोटी काही माणसे मांसाबरोबर दूध आणि अंडीही का सोडतात? विद्यार्थ्यांकडून हमखास येणारा हा प्रश्न आहे. अशा आहाराला 'व्हीगन' आहार म्हणतात. हा शब्द १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. प्रश्नाचे उत्तर मात्र शालेय जीवशास्त्रातील दोन साध्या गोष्टींत सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे, दूध पिलासाठी तयार होते. म्हैस सुमारे दहा महिने गाभण असते. ती व्याली की प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे कासेत दूध तयार होत राहते आणि ऑक्सिटोसिनमुळे पान्हा सुटतो. काही महिन्यांनी दूध आटते, म्हैस भाकड होते. पुन्हा दूध हवे, तर पुन्हा वेत हवे. थोडक्यात, प्रत्येक वेताच्या दुधामागे एक वासरू असते.

दुसरी गोष्ट लिंगनिश्चितीची. निम्म्या शुक्राणूंत एक्स व निम्म्यांत वाय गुणसूत्र असते. त्यामुळे वगारी आणि टोणगे जवळजवळ सारख्याच संख्येने जन्माला येतात.

आता २०१९ च्या पशुगणनेकडे पाहू. देशात म्हैसवर्गीय जनावरे सुमारे ११ कोटी होती. त्यांत माद्या सुमारे १० कोटी, तर नर एक कोटीहूनही कमी होते. जन्माच्या वेळी एकास एक असलेले प्रमाण दहास एकवर आले. ही तफावत निसर्गाने केलेली नाही. टोणगा दूध देत नाही, शेतीकामालाही आता त्याची फारशी गरज उरलेली नाही. पण तो दूध पितो आणि चारा खातो. विकायच्या दुधात त्याचा वाटा कमी होतो. काही टोणगे पुरेशा दुधाअभावी दगावतात, काही कत्तलीसाठी विकले जातात. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातील आघाडीच्या देशांपैकी आहे. दूध आणि मांस हे दोन वेगळे व्यवसाय वाटले, तरी त्यांचा गोठा एकच असतो.

अंड्यांचेही तसेच आहे. अंड्यांसाठीच्या आणि मांसासाठीच्या कोंबड्यांच्या जाती वेगळ्या असतात. अंड्यांच्या जातीतला नर अंडी देत नाही आणि मांसासाठी लवकर वाढतही नाही. म्हणून उबवणी केंद्रांत असली पिल्ले बहुधा पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने हे बंद केले.

यावर विज्ञानाने काही उपाय शोधले आहेत. गाई-म्हशींच्या एक्स शुक्राणूत वाय शुक्राणूपेक्षा सुमारे चार टक्के डीएनए अधिक असतो. या फरकावरून शुक्राणू वेगळे करून कृत्रिम रेतन केले, तर दहापैकी सुमारे नऊ वासरे मादी होतात. तरीही वासराच्या वाट्याच्या दुधाचा आणि भाकड जनावराचा प्रश्न उरतोच. म्हणून काहीजण दूधच सोडतात.

हा निर्णय घेणाऱ्याने पोषणाचे भान ठेवायला हवे. कॅल्शियमची चिंता तुलनेने कमी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. खरी अडचण बी-१२ जीवनसत्त्वाची आहे. ते केवळ सूक्ष्मजीव तयार करतात, वनस्पती नाहीत. प्रौढाला दिवसाला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम पुरते. पण तेवढेही दीर्घकाळ मिळाले नाही, तर रक्तक्षय होतो आणि मज्जासंस्थेला इजा पोहोचते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा कळते. म्हणून व्हीगन व्यक्तीने बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेले अन्न नियमित घ्यावे. मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय असा बदल करू नये.

शाळेत एक साधा उपक्रम करता येईल. गावातील दहा-वीस गोठ्यांत मोठ्या म्हशी किती, रेडे किती, वगारी किती आणि टोणगे किती, याची नोंद मुलांनी करावी व गुणोत्तर काढावे. मात्र वर्गातील काही मुलांचे घर दुधावरच चालत असेल, हे आपण शिक्षकांनी विसरू नये. टोणगा पोसण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न एकट्या गोठेमालकाचा नाही. चहात दूध घालणाऱ्या प्रत्येकाचा आहे. त्याचे उत्तर मुलांना आपले आपण शोधू द्यावे.