संकेतस्थळावरचा अर्ज नोंदवहींत कसा उतरतो

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं मेळाव्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें होतें. नांव, वर्ष व पत्ता भरून बटण दाबलें कीं पडद्यावर “नोंद झाली, आभार” अशीं अक्षरें उमटत. वसईच्या एका विद्यार्थ्यानें तीन वेळां अर्ज भरला, तीन वेळां आभार वाचले, तरीहि यादींत त्याचें नांव येईना. त्याचें आडनांव डि'सूझा. मेळाव्याच्या दिवशीं तो दारांत उभा, आणि यादी घेऊन बसलेला मी ओशाळलेला! त्याला आंत घेतलें हें सांगावयास नकोच, पण “सर, माझें काय चुकलें?” हा त्याचा प्रश्न मनांतून जाईना. संकेतस्थळ रचणाराहि आमचाच विद्यार्थी. त्याच्याजवळ बसून जें समजून घेतलें, तें आज आपणांस सांगतों.

अर्जाच्या प्रत्येक रकान्याला एक नांव दिलेलें असतें. बटण दाबतांच ब्राउझर रकान्याचें नांव आणि त्यांतील मजकूर अशा जोड्या बांधून सर्व्हरकडे धाडतो. तेथें स्क्रिप्ट, म्हणजे क्रमानें लिहून ठेवलेल्या आज्ञा, त्यांची वाट पाहात असते. तिला शाळेच्या कचेरींतील कारकून समजा. खिडकीवर आलेला अर्ज तपासावा, जनरल रजिस्टरांत उतरावा, मग पोंच द्यावी, हें तिचें काम. अशा कामासाठीं पुष्कळ वापरली जाणारी पीएचपी ही भाषा रासमुस लेर्डॉर्फ यांनीं १९९५ सालीं लोकांपुढें ठेवली. आमची स्क्रिप्ट त्याच भाषेंतली, आणि रजिस्टर मायएस्क्यूएलचें.

या रजिस्टराशीं एस्क्यूएल भाषेंत बोलावें लागतें. “या तक्त्यांत हीं मूल्यें घाल” अशा धर्तीची आज्ञा असते, आणि मजकूर कोठें सुरू झाला व कोठें संपला हें कळावें म्हणून त्याच्या दोन्ही अंगांस एकेरी अवतरणचिन्ह लावतात. आमच्या विद्यार्थ्यानें आज्ञेचे शब्द आणि अर्जांतील मजकूर एकमेकांस चिकटवून सबंध वाक्य केलें होतें. जोशी, पाटील, शेख यांचें त्यांत कांहीं बिघडलें नाहीं. परंतु डि'सूझा या नांवाच्या पोटांतच तें चिन्ह! रजिस्टराला वाटलें, नांव “डि” येथेंच संपलें. पुढील “सूझा” म्हणजे कांहीं तरी आज्ञा. तिचा अर्थ लागेना, म्हणून त्यानें सबंध नोंदच नाकारली. आणि कारकुनानें तो नकार न वाचतांच पोंच फाडून दिली! मला खरा राग आला तो याचा.

येथें एका भल्या माणसाची नोंद तेवढी बुडाली. पण कोणी दुष्ट बुद्धीनें तें चिन्ह लिहून पुढें एस्क्यूएलचेच शब्द बसविले, तर रजिस्टर त्या परक्याची आज्ञा मानूं लागतें, आणि इतरांचे पत्ते त्याच्या हातीं पडतात. ही युक्ति १९९८ सालीं “फ्रॅक” नांवाच्या नियतकालिकांत वर्णिली गेली. तिनें फसलेलीं संकेतस्थळें आजहि सांपडतात.

एकानें सुचविलें कीं, आडनांवांतलें चिन्हच गाळावें. मला तें पटलें नाहीं. रजिस्टरांत मुलाचें नांव मास्तरांच्या सोयीनें बदलावयाचें नसतें. योग्य उपाय असा कीं, मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवून आज्ञेचा सांचा आधीं तयार करावयाचा आणि मजकूर मागाहून निराळा द्यावयाचा. मग त्यांत कोणतेंहि चिन्ह असो, रजिस्टर त्याला मजकूरच समजतें. पीएचपींत पीडीओ नांवाच्या साधनानें हें थोड्या ओळींत होतें. ब्राउझरनें अर्ज तपासला म्हणून मात्र कारकुनानें स्वस्थ बसूं नये. पान टाळूनहि सर्व्हरकडे मजकूर धाडतां येतो. शिवाय रजिस्टराशीं जोडणी करतांना यूटीएफ-८ ही लिपिव्यवस्था ठरविली नाहीं, तर देवनागरी नांवाच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें उमटण्याचा संभव असतो.

आमच्या विद्यार्थ्यानें त्याच रात्रीं स्क्रिप्ट सुधारली, आणि रजिस्टरानें खरोखर होकार दिल्यावरच आभार मानण्याची तजवीज केली. दुसऱ्या दिवशीं डि'सूझानें चवथ्यांदा अर्ज भरला. मीं यादी उघडून पाहिली, तों त्याचें नांव शेवटच्या ओळींत होतें, मधल्या त्या चिन्हासकट.